झोपलेल्या शहराला सुंदर म्हणण्याचा गुन्हा

इंग्रज कवी विल्यम वर्डस्वर्थच्या, लंडनमधल्या वेस्टमिन्स्टर पुलावरच्या सुनीताचा (म्हणजे चौदा ओळींच्या कवितेचा) खटला अधूनमधून नव्यानं उभा राहतो. फिर्याद ठरलेली असते: कवी पहाटे पुलावरून गेला, त्याला लंडन सुंदर दिसलं, कारण लंडनची माणसं तेव्हा झोपलेली होती, माणसं वजा केली की कुठलंही शहर सुंदरच दिसतं, मग यात कौतुक कशाचं? बचावही ठरलेला: कविता ही कविता आहे, तिला समाजशास्त्राच्या पेपरासारखे गुण देऊ नका. दोन्ही बाजू तावातावानं भांडतात, पण एक गोष्ट दोघांनीही न तपासता मान्य केलेली असते. ती म्हणजे हे सुनीत लंडनला दिलेलं चांगुलपणाचं सर्टिफिकेट आहे. एकाला ते खोटं वाटतं, दुसऱ्याला ते इतक्या सुबक अक्षरात लिहिलंय की खरं-खोटं विचारणं असभ्यपणाचं वाटतं. माझं म्हणणं असं, की ते सर्टिफिकेट नाहीच. शहरावर काडीचा विश्वास नसलेल्या माणसाची ती जबानी आहे. तशी ती वाचली तर फिर्यादीतले बरेच तपशील खरे निघतात आणि तरीही आरोप टिकत नाही.

आधी घटना. ३१ जुलै १८०२, शनिवार. विल्यम आणि त्याची बहीण डॉरथी यांनी पहाटे साडेपाच-सहाच्या सुमारास चेअरिंग क्रॉसला डोव्हरची घोडागाडी पकडली. जायचं होतं फ्रान्समध्ये, कॅलेला. इंग्लंड-फ्रान्समधलं युद्ध थांबवणाऱ्या आमियाँच्या तहामुळे कित्येक वर्षांनी खाडीपलीकडची वाट मोकळी झाली होती. पलीकडे त्याची पूर्वीची प्रेयसी ॲनेट व्हॅलाँ होती आणि तिच्यापासून त्याला झालेली नऊ वर्षांची मुलगी कॅरोलिन. इकडे मेरी हचिन्सनशी त्याचं लग्न ठरलेलं, ते ऑक्टोबरात झालंही. म्हणजे पुलावरून चाललेला हा माणूस काही सहलीला निघालेला नव्हता. म्हातारपणी त्यानं सांगितलं की कविता गाडीच्या टपावर सुचली. टपावरची जागा ही स्वस्तातली जागा, हे जाता जाता लक्षात ठेवायला हरकत नाही. ‘सुखवस्तू माणसाची नजर’ म्हणून या कवितेला हिणवणाऱ्यांना तेवढं पुरेल.

कवितेत घडतं ते असं. पृथ्वीकडे दाखवायला याहून सुंदर काही नाही, हे पाहून जो तसाच पुढे जाईल तो मनानं मठ्ठ असला पाहिजे. शहरानं आत्ता सकाळचं सौंदर्य वस्त्रासारखं अंगावर घेतलंय. जहाजं, मनोरे, घुमट, नाट्यगृहं, देवळं, सगळी शेतांकडे आणि आभाळाकडे उघडी पडलीत आणि धुराविना हवेत लखलखतायत. दरी, खडक, डोंगर यांच्यावरही सूर्यानं पहिलं ऊन कधी इतकं सुंदर ओतलं नव्हतं. इतकी खोल शांतता ना कधी पाहिली, ना अनुभवली. नदी आपल्याच मर्जीनं वाहते आहे. देवा, घरंसुद्धा झोपल्यासारखी वाटतायत, आणि ते बलाढ्य काळीज निपचित पडलंय. बस, एवढंच. आठ ओळी पाहण्याच्या, सहा ओळी हादरण्याच्या.

आता फिर्यादीची बाजू, आणि ती जरा नीट मांडू. कारण बहुतेक वेळा ती फार ढिसाळ मांडली जाते. ‘कवितेत गरिबांचा उल्लेख नाही’ हा आक्षेप पोकळ आहे. चौदा ओळींत काय नाही याची यादी कुणालाही करता येते. धारदार आक्षेप सुरू होतो तो धुरापासून. लंडनच्या शेगड्या न्यूकासलहून समुद्रमार्गे आलेल्या दगडी कोळशावर पेटत. उन्हाळ्याच्या पहाटे त्या विझलेल्या, म्हणून हवा स्वच्छ. पण धुराडी झाडायची वेळही हीच, कारण खाली जाळ नसेल तरच पोराला आत चढवता येतं. १७८८ च्या कायद्यानं या पोरांचं किमान वय आठ ठरवलं होतं आणि तो कायदा सर्रास धाब्यावर बसवला जात होता. जी घरं झोपल्यासारखी वाटतात असं कवी म्हणतो, त्यांतल्या काहींच्या भिंतीच्या पोटात त्याच घटकेला एखादं पोर कोपर आणि गुडघे सोलवटून घेत, तोंडावर फडकं ओढून, इंचाइंचानं वर सरकत असणार. ज्या तासाला आभाळ निर्मळ, तोच तास त्या पोरांच्या कामाचा.

दुसरा आक्षेप जहाजांचा. प्रवास जुलैअखेरचा, पण कवितेच्या शीर्षकात तारीख आहे ३ सप्टेंबर, म्हणजे परत आल्यानंतरची. या दोन तारखांच्या दरम्यान, २७ ऑगस्टला, लंडनमध्ये वेस्ट इंडिया डॉक्स सुरू झाले. गुलामांच्या श्रमावर पिकलेली साखर आणि त्या साखरेची रम उतरवून घेण्यासाठी बांधलेली ही गोदी. ब्रिटिश जहाजांवरचा गुलामांचा व्यापार तेव्हा पूर्ण कायदेशीर होता. तो बंद करणारा कायदा आला १८०७ साली, ज्या वर्षी हे सुनीत पुस्तकात छापलं गेलं त्याच वर्षी. कवीचा धाकटा भाऊ जॉन ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतल्या ‘अर्ल ऑफ ॲबरगॅव्हेनी’ या जहाजाचा कप्तान, आणि त्याच्या सफरींमध्ये घरच्यांचे पैसे अडकलेले. आणि आपल्याकडे? त्याच १८०२ च्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशव्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला, दुसरा बाजीराव पळाला आणि ३१ डिसेंबरला वसईत त्यानं कंपनीची तैनाती फौज पदरात घेऊन स्वतःचं राज्य गहाण टाकलं. लंडनचं ते बलाढ्य काळीज ज्या रक्तावर चालत होतं, त्यात लवकरच पुण्याचीही भर पडणार होती. तेव्हा ‘जहाजं’ हा शब्द मराठी वाचकानं नुसता चित्रातला तपशील म्हणून सोडून द्यावा, असं मी तरी म्हणणार नाही. (कंपनीची मोठी जहाजं वेस्टमिन्स्टरपर्यंत येतच नसत, जुन्या लंडन पुलाच्या अरुंद कमानींमुळे ती खालीच नांगर टाकत. कवीला नक्की काय दिसलं हा वेगळा प्रश्न आहे, पण शब्द त्यानं निवडला आणि यादीत पहिला ठेवला.)

तिसरा आक्षेप डॉरथीच्या वहीतून येतो. त्याच सकाळची तिची नोंद उपलब्ध आहे. सेंट पॉलचा घुमट, धुराचा ढग नसलेली घरं, निसर्गाच्या एखाद्या भव्य देखाव्याची आठवण यावी असा निखळ प्रकाश, हे सगळं तिच्याकडेही आहे. पण तिच्या नदीवर छोट्या होड्यांची गर्दी आहे. होड्या म्हणजे नावाडी, म्हणजे जागी माणसं. भावाच्या कवितेत त्या होड्या नाहीत. बहिणीला दिसलेली माणसं भावानं खोडली, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

आणि या सगळ्यामागचा राग आपल्या अगदी ओळखीचा आहे. २०२० च्या टाळेबंदीत रिकाम्या मरीन ड्राइव्हचे आणि निळ्याशार आभाळाचे फोटो फोनवर फिरत होते. ‘मुंबई किती सुंदर आहे बघा’ असं त्याखाली लिहिलेलं असायचं. त्याच दिवसांत मुंबई-आग्रा महामार्गावरून माणसं डोक्यावर बोचकी आणि कडेवर पोरं घेऊन गावाकडे चालत निघाली होती. त्या फोटोंची चीड आली ती योग्यच होती. शहर सुंदर दिसण्यासाठी त्यातून कुणाला बाहेर जावं लागलं, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. प्रश्न एवढाच उरतो, की टाळेबंदीतला तो फोटो आणि १८०२ चं हे सुनीत एकाच जातीचे आहेत का?

नाहीत. आणि याचं पहिलं कारण बोलणारा माणूस कोण आहे, हे. दोनच वर्षांपूर्वी, १८०० साली, ‘लिरिकल बॅलड्स’ या कवितासंग्रहाच्या प्रस्तावनेत यानंच लिहिलं होतं की शहरांत माणसांचे थवे गोळा होतायत, एकसुरी कामं त्यांची मनं बधिर करतायत आणि मग त्यांना रोज काहीतरी सनसनाटी लागतं. त्याच वर्षीच्या त्याच्या ‘मायकेल’ या कवितेत म्हाताऱ्या मेंढपाळाचा एकुलता मुलगा शहरात जातो आणि वाया जातो. डोंगर-दऱ्या हे या कवीचं भांडवल. त्याची कीर्ती, त्याचं तत्त्वज्ञान, त्याचं घर, सगळं त्यावर उभं. असा माणूस म्हणतो की माझ्या दऱ्याखोऱ्यांवर ऊन कधी इतकं सुंदर पडलं नव्हतं. स्वतःच्या हिताविरुद्ध दिलेल्या जबानीला वजन असतं, हे कुठलाही वकील सांगेल. मरीन ड्राइव्हचा फोटो टाकणारा आपल्याला आधीच आवडणारी गोष्ट पुन्हा दाखवत होता. वर्डस्वर्थ आपल्याला न आवडणाऱ्या गोष्टीपुढे उभा राहून हरल्याचं कबूल करतोय. शहराची स्तुती करण्यात त्याला काही मिळवायचं नव्हतं, गमवायचं मात्र होतं.

दुसरं कारण म्हणजे तो वेळ सांगतो. वस्त्र सकाळचं आहे आणि ते ‘आत्ता’ अंगावर आहे. चांगुलपणा शहराच्या हाडामांसात आहे असं तो कुठेच म्हणत नाही. हवेत धूर नाही असं जो आवर्जून नोंदवतो, त्याला तो एरवी असतो हे माहीत आहे आणि वाचकालाही माहीत आहे हे त्यानं गृहीत धरलंय. आता असं बघा: धुराबद्दल तक्रार करायला आधी काय लागतं? धुराशिवाय हे शहर कसं दिसतं हे कुणीतरी पाहिलेलं असावं लागतं. १६६१ मध्ये जॉन इव्हलिन या लेखकानं लंडनच्या कोळशाच्या धुराविरुद्ध दुसऱ्या चार्ल्स राजाला पत्रक लिहून दिलं. धूर ओकणारे धंदे शहराबाहेर हलवा, भोवती सुगंधी झाडाझुडपांचे पट्टे लावा, असं त्यात सुचवलं. हा माणूस लंडनचा द्वेष्टा नव्हता. लंडन देखणं आहे आणि ते डागाळलं जातंय, म्हणून तो चिडला होता. त्यानंतर जवळजवळ तीन शतकं लंडननं धूर सोसला. डिसेंबर १९५२ च्या काळ्या धुक्यानं, सरकारी हिशेबानंच, चार हजारांच्या आसपास माणसं मेली, तेव्हा कुठे १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा झाला. जो शहराला मुळातच कुरूप आणि शापित मानतो, तो ही लढाई लढतच नाही. तो फार तर गावाकडे घर बांधतो. म्हणून निर्मळ लंडनचं चित्र म्हणजे सत्ताधाऱ्यांची भाटगिरी, हे समीकरण मला पटत नाही. ते चित्र तक्रारदाराच्याच कामाला जास्त येतं.

तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, आणि या वादात त्याचं नाव फार कमी निघतं. त्याच १८०७ च्या पुस्तकात, काही पानं पुढे, आणखी एक सुनीत आहे. शीर्षकात तारीख १ सप्टेंबर १८०२, पुलावरच्या सुनीताच्या दोन दिवस आधीची. कॅलेहून परतताना बोटीवर एक काळी स्त्री सहप्रवासी असते. कपडे भडक, पण ती गप्प. आपल्याला कुणीतरी बोल लावील अशा भीतीनं गप्प. डोळे हलत नाहीत, चेहरा हलत नाही. नेपोलियनच्या फर्मानानं काळ्या माणसांना फ्रान्समध्ये थारा उरलेला नाही म्हणून तिला हाकललंय. ती एवढं सांगते आणि त्या हुकमाबद्दल कुरकुरतही नाही. ‘गरिबांची शांतता आणि गरिबांचं गप्प बसणं यातला फरक या कवीला कळत नाही’ हा फिर्यादीचा शेवटचा आणि खरा मुद्दा आहे. ज्यानं एका तारखेखाली जुलमानं गप्प केलेली बाई लिहिली आणि दोनच दिवसांनंतरच्या तारखेखाली झोपेची शांतता लिहिली, त्याला हा फरक कळत नव्हता असं म्हणायचं? त्याच ऑगस्टात त्यानं हैतीतल्या गुलामांच्या उठावाचा नेता तूसाँ लूव्हेर्तूर याच्यावर सुनीत रचलं, तेव्हा तूसाँ नेपोलियनच्या कैदेत होता. आणि सप्टेंबरात जुन्या काळच्या मिल्टन कवीला हाक मारताना इंग्लंडला ‘साचलेल्या पाण्याची दलदल’ म्हटलं. ही सगळी एका उन्हाळ्याची पैदास आहे. त्यातून एक सुनीत उचलायचं, बाकीची झाकायची आणि मग ‘याला काही दिसलंच नाही’ म्हणायचं, हे वाचन नव्हे.

इथे हटकून वर्डस्वर्थचा समकालीन कवी विल्यम ब्लेक याला साक्षीला बोलावतात. त्याची ‘लंडन’ कविता १७९४ ची; सनदांनी बांधलेले रस्ते, सनदेनं बांधलेली टेम्स, धुराड्याच्या पोराची किंकाळी, मध्यरात्री रस्त्यावरच्या वेश्येचा शाप. वेस्टमिन्स्टर पुलाच्या दक्षिण टोकापासून थोड्याच अंतरावर, लॅम्बेथमध्ये, तो १७९० ते १८०० राहत होता. त्याची नदी मालकीची. वर्डस्वर्थची नदी मर्जीची मालकीण. कोण खरं बोलतंय? हा सामना लावण्याची पद्धतच मला मान्य नाही, पण लावायचाच तर एक भूगोल ध्यानात घ्या. वेस्टमिन्स्टरला टेम्स भरतीची नदी आहे. दिवसातून दोनदा तिचं पाणी उलटं वर चढतं. घाटांवर, वखारींवर, जकातीवर सनदा चालतात. पाणी चंद्राचं ऐकतं. ब्लेकनं काठ पाहिला, वर्डस्वर्थनं पाणी. ब्लेकची कविता मोठी आहे, माझ्या मते या कवितेहून मोठी. म्हणून ही खोटी ठरत नाही.

खरा अडचणीत आणणारा साक्षीदार ब्लेक नाही, चार्ल्स लॅम आहे, आणि त्याला कुणी बोलावत नाही. लॅम वर्डस्वर्थचा मित्र, ईस्ट इंडिया हाऊसमधला, म्हणजे कंपनीच्या लंडनच्या कचेरीतला, कारकून, तेहेतीस वर्षं तिथल्या खातेवह्या लिहिलेला. ३० जानेवारी १८०१ च्या पत्रात त्यानं मित्राला ठणकावलं की आयुष्यात एकही डोंगर दिसला नाही तरी माझं काही अडत नाही. मग तो स्वतःच्या लंडनची यादी देतो: स्ट्रँड आणि फ्लीट स्ट्रीटवरची उजळलेली दुकानं, गिऱ्हाइकं, गाड्या, नाट्यगृहं, रात्रीचे पहारेकरी, दारुडे, जुन्या पुस्तकांचे ठेले, कॉफीघरं, स्वयंपाकघरांतून येणाऱ्या सूपच्या वाफा. एवढं जगणं एका जागी बघून स्ट्रँडवर माझ्या डोळ्यांत पाणी येतं, असं तो लिहितो. हे लंडन सुंदर आहे ते जागं असताना, माणसांसकट, चिखलासकट. वर्डस्वर्थला हे जमलं नाही. त्याच सप्टेंबरात लॅमनं त्याला बार्थोलोम्यूची जत्रा, म्हणजे लंडनमधली गजबजलेली वार्षिक जत्रा, दाखवली. तिचं वर्णन वर्डस्वर्थच्या ‘प्रेल्यूड’ या दीर्घकाव्यात आलं ते नरकयातनांसारखं. शहर झोपेत असेल तरच त्याच्यावर प्रेम करू शकणारा माणूस, हा या कवीवरचा रास्त आक्षेप आहे आणि तो मी मागे घेत नाही. फक्त तो आक्षेप स्वभावाच्या मर्यादेवरचा आहे. ‘तू लबाड आहेस’ आणि ‘तुला गर्दी सोसत नाही’ यांत जो फरक आहे तो वादात ठेवावा.

आपल्याकडे हा फरक आपण सहज करतो, मग इंग्रज कवीच्या बाबतीतच का विसरतो? मर्ढेकरांनी मुंबई बंदरातली माघातली प्रभात लिहिली, न्हालेल्या गर्भवतीच्या सोज्वळपणाची. त्यांच्याही धक्क्यावर बोटी साखरझोपेत आहेत आणि त्या बोटींना ते ‘फिरंगी’ म्हणायला विसरत नाहीत. हेच मर्ढेकर पिपात मेलेल्या उंदरांचे. पहाटेच्या कवितेसाठी त्यांना कुणी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलेलं मी ऐकलं नाही, कारण आपण दोन्ही कविता शेजारी ठेवून वाचतो. हो, मर्ढेकरांच्या पहाटेत मान मोडून कावड नेणारे गवळी आहेत, आणि शांततेच्या पोटात दडलेल्या धांदलीची आगाऊ सूचनाही आहे. वर्डस्वर्थच्या पहाटेत गवळी नाही. मराठी कविता इथे पुढे गेली, असं मी अभिमानानं म्हणेन. पण पुढे जायला आधी कुणीतरी शहराच्या पहाटेला हात घालावा लागतो, आणि त्या काळी निसर्गकवींच्या गोटात ती रीत नव्हती.

बचावपक्षालाही मोकळं सोडून चालणार नाही. ‘शुद्ध सौंदर्याची कविता, इतिहास बाहेर ठेवा’ म्हणणारे तिचं जास्त नुकसान करतात. इतिहास बाहेर ठेवला तर शेवटची ओळ अंगाई होऊन बसते. पण काळीज झोपत नसतं. माणूस झोपला तरी ते चालू राहतं, आणि निपचित पडलं तर त्याला झोप म्हणत नाहीत. सुमारे दहा लाख वस्तीच्या शहराबद्दल, ज्याच्या ठोक्यावर निम्म्या जगाचा व्यापार हलतो आहे त्याबद्दल, कवी उद्गारचिन्ह घालून सांगतो की ते काळीज आत्ता थांबलंय. त्यात कौतुक आहे तसा धसकाही आहे. हे शहर थांबलं तरच सुंदर, ही भयंकर गोष्ट त्याच्या तोंडून निघून गेलीय. फिर्यादी जो आरोप बाहेरून आणतात तो कवितेच्या चौदाव्या ओळीत आधीच बसलेला आहे. आणि बचाव करणारे नेमकी तीच ओळ डोळे मिटून म्हणतात.

इंग्रजीच्या अभ्यासक्रमातून ही कविता काढावी की ठेवावी, असा प्रश्न आला तर माझं उत्तर साधं आहे: ठेवा, पण तिच्या समोरच्या पानावर १ सप्टेंबरचं ते बोटीवरचं सुनीत छापा, आणि जागा उरलीच तर लॅमच्या पत्रातला उतारा. पुस्तकाची दोन पानं वाढतील. आणि परीक्षेत ‘कवीने शहराच्या सौंदर्याचे केलेले वर्णन तुमच्या शब्दांत लिहा’ हा प्रश्न विचारणं तेवढं बंद करा.